निवाड्याचे यंत्र आणि कागदावर नसलेली बाई

यंत्राला जात नसते, यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, म्हणून यंत्राने दिलेला निवाडा निःपक्षपाती असेल, अशी एक भाबडी समजूत अलीकडे सुशिक्षितांत पसरली आहे. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही ती बोलून दाखवतात. आणि त्यांत आपल्याच वस्त्यांतून आलेली मुले अधिक असतात. माणसांच्या न्यायाने पिढ्यान्‌पिढ्या पोळलेल्यांना यंत्राचा मोह पडावा हे स्वाभाविकच आहे. परंतु हे यंत्र शिकते कशावरून? जुन्या कागदांवरून. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा करण्यापूर्वी या कागदांचा इतिहास तपासणे भाग आहे.

आमच्या मुळशी तालुक्यापासूनच सुरुवात करू. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, आणि या कायद्याची भाषा नुकसानभरपाईची होती. भरपाई कोणाला? ज्याचा हक्क कागदावर दिसतो त्याला. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाच्या आपल्या अभ्यासात पुण्याच्या सावकारांचे या जमिनींतील हितसंबंध उघड केले आहेत. कसणारा कूळ आणि कागदावरचा मालक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि लढा आतून पोखरला गेला. हे ठीकच आहे. परंतु कुळाच्याही खाली कोणी होते की नाही? बलुत्याच्या धान्यावर, सुगीतल्या पेंढीवर, ओढ्याकाठच्या सरपणावर जगणाऱ्या महारवाड्यातील बाईचा हक्क कोणत्या दप्तरात लिहिला होता? तिचे घर पाण्याखाली गेले, पण भरपाईच्या हिशेबात तिला रकानाच नव्हता.

आता कोणी म्हणेल, महारांना वतन होते. होते खरे, त्या वतनाने त्यांना जमिनीचा तुकडा दिला आणि त्याच्या मोबदल्यात अहोरात्र राबवून घेतले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात ज्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तो १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा. वेठीच्या बाजूने या कायद्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्याला १८८६ मध्ये जोडलेल्या दुरुस्तीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडली, तर वतनदार कुटुंबातील प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा प्रत्येक जण, वारसाक्रमात कुटुंबातील सर्व पात्र पुरुषांच्या मागे ढकलला जाईल, असे त्या दुरुस्तीने ठरवले. म्हणजे मुलगी जिवंत असताना लांबचा पुतण्या पुढे. इंग्रजांनी मनुस्मृती नुसती वाचली असे नव्हे, तिचे कलमांत रूपांतर करून छापले! वतन ज्याच्या नावे, रयतवारीत त्याचे नाव. बाई शेतात राबली, वेठीलाही गेली. दप्तरात मात्र आली नाही.

हा झाला महसुली कागद. न्यायालयाचा कागद याहून बोलका आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, त्याअर्थी तिची संमती होती, हा त्यामागचा तर्क. पोलीस ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या पुरुषांपुढे एक अनाथ मजूर मुलगी ओरडली नाही म्हणून तिची संमती! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण निवाडा मात्र छापील ग्रंथात कायमचा राहिला.

खैरलांजीचे तर याहून विपरीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्यांत आई आणि मुलगी होत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने खून मान्य केला. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो हे मात्र मान्य केले नाही, आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारही सिद्ध धरला गेला नाही. उद्या एखादे यंत्र हे निवाडे वाचील तेव्हा त्याला तिथे जात दिसणार नाही आणि बाईची विटंबनाही दिसणार नाही. यंत्र खोटे बोलणार नाही. कागदावर आहे तेवढेच सांगेल.

आणि हे उद्याचे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निवाड्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ आणि २०२१ मध्ये न्यायाधीशांना संशोधनात साहाय्य करण्यासाठी ‘सुपेस’ ही साधने आणली. निर्णय माणसानेच द्यायचा आहे, हे त्या वेळी स्पष्ट करण्यात आले आणि ते योग्यच होय. परंतु वकिलांच्या टेबलावर आता कोणते यंत्र चालते यावर कोणाचा अंकुश आहे? २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एक पुस्तिका काढून निवाड्यांतील स्त्रीविषयक साचेबंद शब्द आणि गृहीतके टाकून देण्यास सांगितले. ही स्तुत्य गोष्ट आहे. तथापि पुस्तिका पुढच्या निवाड्यांसाठी आहे, आणि यंत्र शिकते ते मागच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या निवाड्यांवरून. जातीच्या गृहीतकांचे काय, हा प्रश्न तर वेगळाच.

आफ्रिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी हाच दगड दुसऱ्या बाजूने फोडला आहे. दक्षिण आफ्रिकेत वंशवादी सत्तेने १९२७ च्या एका कायद्याने कृष्णवर्णीयांचा वारसा त्यांच्या ‘रूढी’वर सोपवला, आणि रूढी म्हणजे ज्येष्ठ पुरुष वारस. आपल्या १८८६ च्या दुरुस्तीचे हे सख्खे भावंड. २००४ मध्ये तेथील घटना न्यायालयाने भे खटल्यात हा नियम घटनाबाह्य ठरवला. बापाच्या पश्चात घर आजोबाला मिळणार होते, ते दोन लहान मुलींना मिळाले. घानाई वंशाच्या जॉय बुओलाम्विनी आणि इथिओपियात जन्मलेल्या टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहून कमी. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक शेकडा ३४ च्या वर! कारण शिकवण्यासाठी वापरलेल्या चित्रांत त्या स्त्रिया पुरेशा नव्हत्याच. पुन्हा तेच, दप्तरात नाव नाही.

मुळशीत परत येतो. संगणकाचा व्यवसाय ज्या हिंजवडीत उभा आहे ते गाव याच तालुक्यात आहे, आणि जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून इथे हक्कसोडपत्रांचा सुकाळ झाला आहे. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचे स्थान दिले. सातबारा आता संगणकावर मिळतो. गेल्या वर्षी मी इतिहासाच्या वर्गातील मुलींना आपापल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार आणायला सांगितले. आजीचे नाव कुठे आहे ते पाहायचे होते. कुठे ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात होते, कुठे नव्हतेच. एका मुलीने विचारले, हक्कसोडपत्रावर आजीचा अंगठा आहे, मग संगणक तिने स्वखुशीने हक्क सोडला असेच धरणार का? आजी अजून आहे, तिला विचारून तिच्या शब्दांत लिहून आण, असे मी तिला सांगितले. आठवड्याभराने तिने वहीची चार पाने भरून आणली. ती वर्गाच्या कपाटात ठेवली आहेत.