सी कंपायलर आणि हरवलेले अकरा बिट

फळ्यावर 9007199254740993 हा आकडा लिहिलाय, तो नीट बघा. सी भाषेत तो डबलमध्ये ठेवला, की शेवटच्या 3 चा 2 होतो. डबलमध्ये अंकांसाठी 53 बिट असतात, आणि हा आकडा म्हणजे दोनाचा 53 वा घात अधिक एक. तो एक मावतच नाही.

उपाय 1980 मध्येच आला होता. इंटेलच्या 8087 या गणिती चिपमधली रजिस्टरं 80 बिटांची, त्यांतले 64 अंकांसाठी. त्यामागे विल्यम काहान यांचा विचार. मुनीम बेरीज करताना पैसे धरतो, पूर्ण रुपये शेवटी एकदाच करतो ना? तसंच हे. गणिताच्या खाचाखोचा ठाऊक नसलेल्यालाही सांभाळून घ्यायचं. मला तरी हा विचार फार मोलाचा वाटतो.

1989 च्या सी प्रमाणकात लाँग डबल आला. पण अट काय? तो डबलपेक्षा कमी नसावा, इतकीच. बरोबरीचा चालेल! इथंच फाटे फुटले. इंटेलच्या प्रोसेसरांवर जीसीसीनं 80 बिट राखले. मायक्रोसॉफ्टच्या 16 बिटी कंपायलरांत ते होते. 32 बिटी आले आणि लाँग डबल म्हणजे नुसता डबल झाला. फळ्यावरचा आकडा लाँग डबलमध्ये ठेवा, एकीकडे 3, दुसरीकडे 2.

जीसीसीतही सगळं आलबेल नव्हतं. साधा डबलसुद्धा रजिस्टरात असेतो जास्त अंक बाळगायचा, मेमरीत गेला की ते गळायचे. मग एकच किंमत स्वतःशी जुळेना.

आता पुण्याकडे येऊ. आपल्या वऱ्हाडातल्या मुरंब्याचे विजय भटकर सी-डॅकचे प्रमुख असताना, 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्यात टी800 ट्रान्सप्युटर होते. त्यांचं गणित 64 बिटी, 80 नव्हे. म्हणजे 8087 च्या पीसीवर तपासलेला प्रोग्रॅम तिथं नेला, तर शेवटचे अंक वेगळे येऊ शकत. हवामानाच्या गणितात एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत जातं. तिथं एवढासा फरकही वाढत जातो.

2011 मध्ये जीसीसी 4.6 सोबत 128 बिटांची गणिती लायब्ररी आली. अंकांना 113 बिट, पण काम सॉफ्टवेअरनं, म्हणून संथ.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघा. आकारावर जाऊ नका. 64 बिटी लिनक्सवर लाँग डबल 16 बाइट दाखवतो, वापरतो 10. फळ्यावरचा आकडाच त्यात ठेवा आणि छापा.