189 डॉलरचं बिल मागणारी फ्लॉपी

कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरला की आजूबाजूला एकच सल्ला मिळतो: "सरळ फॉरमॅट मार." हा सल्ला दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. पण घाबरून, घाईत फॉरमॅट मारलं तर काय होतं, याची एक खरी गोष्ट आज ऐकूया. गोष्ट 1989 ची आहे आणि ती लंडनच्या पोस्टातून सुरू होते.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपण सरसकट सगळ्याला व्हायरस म्हणतो. व्हायरस स्वतःच्या प्रती काढून एका फाइलमधून दुसरीत पसरतो. ट्रोजनला पसरण्याची गरज नसते, कारण त्याला आपणच आत घेतो. ग्रीकांनी लाकडी घोडा वेशीबाहेर ठेवला आणि ट्रॉयच्या लोकांनी तो स्वतःच्या हातांनी शहरात ओढून आणला, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कॉम्प्युटरच्या सुरक्षेवरच्या लिखाणात हे नाव 1972 मध्येच आलं होतं, अमेरिकन हवाई दलासाठी लिहिलेल्या एका अहवालात. पण सामान्य लोकांच्या टेबलावर हा घोडा येऊन उभा राहिला तो डिसेंबर 1989 मध्ये.

झालं असं, की लंडनहून टपालाने सुमारे 20,000 फ्लॉपी डिस्क वेगवेगळ्या देशांत गेल्या. पत्ते दोन ठिकाणचे होते: 'पीसी बिझनेस वर्ल्ड' या मासिकाचे वर्गणीदार, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला गेलेली मंडळी. लेबलवर लिहिलेलं, एड्सची माहिती देणारी डिस्क. त्या काळात एड्सची भीती प्रचंड होती आणि खात्रीची माहिती कमी. डॉक्टर असो की संशोधक, अशी डिस्क कोण बाजूला ठेवेल?

बरं, आतला प्रोग्राम खोटा नव्हता. तो तुम्हाला प्रश्न विचारायचा आणि उत्तरांवरून एड्सचा धोका किती ते सांगायचा. म्हणजे जे कबूल केलं होतं ते मिळत होतं. ट्रोजन ओळखणं अवघड जातं ते इथेच. "चालतंय की नीट, मग काय प्रॉब्लेम?" असं वाटतं. सोबतच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात परवान्याच्या अटी होत्या. पैसे भरले नाहीत तर तुमचा कॉम्प्युटर नीट चालणार नाही, अशा अर्थाची धमकी त्यात चक्क छापलेली होती. पण अटी न वाचता पुढे जायची सवय आपल्या पिढीने शोधलेली नाही.

आता यातला सगळ्यात भारी भाग. त्या काळचे पीसी डॉसवर चालायचे. मशीन सुरू झालं की ते ऑटोएक्झेक.बॅट नावाची फाइल उघडायचं आणि त्यातल्या आज्ञा एकेक करून पाळायचं. रोज सकाळी उठल्यावर करायच्या कामांची यादी समजा. या ट्रोजनने मूळ यादीचं नाव बदलून ऑटो.बॅट केलं आणि तिच्या जागी स्वतःची यादी ठेवली. त्यात एक ओळ 'रेम' या शब्दाने सुरू व्हायची. डॉसमध्ये 'रेम' म्हणजे शेरा. ती ओळ माणसांनी वाचायची, मशीनने सोडून द्यायची. पुढे मजकूर होता की सोयीसाठी यापुढे ऑटो.बॅट ही फाइल वापरा. वाचणाऱ्याला वाटणार, अरे, कुणीतरी चांगली सूचना लिहून ठेवलीय.

पण 'रेम'नंतर जी मोकळी जागा दिसत होती, ती मोकळी नव्हती. तिथे क्रमांक 255 चं अक्षर होतं, जे स्क्रीनवर कोरं दिसतं. डोळ्यांना 'रेम' दिसायचं, पण मशीनच्या लेखी ते वेगळंच नाव होतं. त्या नावाचा प्रोग्राम एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बसलेला होता, आणि त्या फोल्डरचं नावसुद्धा तेच कोरं अक्षर! म्हणजे जी ओळ शेरा वाटत होती, तीच आज्ञा होती.

हा लपलेला प्रोग्राम, मशीन किती वेळा सुरू झालं ते मोजत बसायचा. साधारण 90 वेळा झालं की खेळ सुरू. हार्ड डिस्कवरच्या फाइलींची नावं बदलून अगम्य व्हायची, फोल्डर गायब व्हायचे आणि प्रिंटर चालू करायला सांगून चक्क बिल छापलं जायचं. 365 वेळा वापरायचे 189 डॉलर, हार्ड डिस्कच्या आयुष्यभरासाठी 378 डॉलर. पैसे पाठवायचे पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर. आज ज्याला आपण रॅन्समवेअर म्हणतो, त्याचा हा पहिला गाजलेला नमुना.

ब्रिटनमधल्या जिम बेट्स या तज्ज्ञाने हा प्रोग्राम उकलून पाहिला. त्याचं विश्लेषण जानेवारी 1990 च्या 'व्हायरस बुलेटिन'मध्ये आलं. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट ही, की ट्रोजनने फाइलींची फक्त नावं बदलली होती, आतल्या मजकुराला हात लावला नव्हता. नावं बदलायचा तक्ताही ट्रोजनच्याच पोटात होता. तोच तक्ता उलटा वापरला की नावं परत. बेट्सने दोन वेगळे प्रोग्राम लिहिले. 'एड्सआउट' ट्रोजन काढून टाकायचा, आणि 'क्लिअरएड' बिघडलेली नावं पूर्ववत करायचा.

दोन का लिहिले? कारण ही दोन वेगळी कामं आहेत. चोराला घराबाहेर काढणं हे एक काम. त्याने विस्कटलेलं घर लावणं हे दुसरं.

पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी घाबरून हार्ड डिस्क पुसून टाकल्या होत्या. इटलीतल्या एका एड्स संस्थेचं दहा वर्षांचं काम याच घबराटीत गेलं, असं तेव्हा छापून आलं होतं. विचार करा, ट्रोजनने त्या फाइलींची नावं बदलली होती. डेटा पुसला तो माणसांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

फ्लॉपी पाठवणारा म्हणून जोसेफ पॉप या अमेरिकन माणसाला अटक झाली. हार्वर्डमध्ये शिकलेला, उत्क्रांतीचा अभ्यास करणारा जीवशास्त्रज्ञ. त्याला ब्रिटनमध्ये आणलं गेलं, पण मानसिक स्थितीमुळे तो खटल्याला उभा राहू शकत नाही, असं 1991 मध्ये कोर्टाने ठरवलं. खटला तिथेच थांबला.

कल्पना मात्र थांबली नाही. 1996 मध्ये अ‍ॅडम यंग आणि मोटी युंग या दोन संशोधकांनी एक पेपर लिहिला. पॉपच्या ट्रोजनची चावी ट्रोजनमध्येच होती, म्हणून तो हरला. पण कुलूप लावायची चावी एक आणि उघडायची दुसरी असेल, आणि उघडायची चावी हल्लेखोराकडेच राहिली तर? त्यांनी हा धोका आधीच दाखवून दिला. 2013 मध्ये आलेल्या क्रिप्टोलॉकरने नेमकं तेच केलं, आणि तेही नावांवर नाही, फाइलींच्या मजकुरावर. तरीही 2014 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचं जाळं तोडलं, चाव्या हाती लागल्या आणि ऑगस्टमध्ये लोकांना त्या फुकट मिळू लागल्या. ज्यांनी कुलूपबंद फाइली जपून ठेवल्या होत्या, त्यांना त्याचा उपयोग झाला. ज्यांनी डिलीट केल्या, त्यांना काय मिळणार?

मग आज तुमच्या लॅपटॉपमध्ये ट्रोजनचा संशय आला तर? क्रम तोच ठेवा. एक, नेट बंद करा. दोन, गडबडलेल्या विंडोजच्या आतून तपासणी केली की तीच विंडोज खोटं बोलू शकते, म्हणून बाहेरून सुरू होणारं स्कॅन वापरा. डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन असतं. तेव्हा लोक स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचे, तीच ही युक्ती. तीन, मशीन सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते बघा. स्टार्टअप अ‍ॅप्स आणि टास्क शेड्युलर म्हणजे आजची ऑटोएक्झेक.बॅट. ओळखीचं नाव दिसलं म्हणून सोडू नका, ती फाइल कुठल्या फोल्डरमधून चालतेय ते पाहा. चार, फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर त्यांची प्रत बाजूला ठेवा आणि 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर चावी आहे का ते शोधा. 2016 पासून युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने ती चालू आहे. पाच, पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. फॉरमॅट करायचंच असेल तर या सगळ्यानंतर.

आणि हो, तुम्ही हे बहुतेक मोबाइलवर ऐकताय, तर फ्लॉपी जुनी झाली असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून जी एपीके फाइल येते, तो तोच घोडा आहे. पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? चुकून केलीच, तर फ्लाइट मोड लावा, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या परवानग्या काढा, मग अ‍ॅप अनइन्स्टॉल करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा.

बॅकअप मात्र आज रात्रीच घ्या. बैल गेला आणि झोपा केला, असं नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!