कुरण केवढं, ट्रॅक्टर केवढा?

जमीन मोजायची जुनी मापं पाहिली की एक गंमत लक्षात येते. ती खरं तर दिवसाची मापं आहेत. एकर म्हणजे मुळात बैलजोडीने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन. जर्मन मुलखात गवताच्या रानासाठी 'मान्समाट' असं एक माप होतं, म्हणजे एका गड्याने लांब दांड्याच्या कोयत्याने दिवसभरात कापावं एवढं रान. आपल्याकडेही 'चार बैलांची शेती' म्हटलं की ऐकणाऱ्याला पसारा कळायचा. जमीन केवढी, हे ती कसणाऱ्याच्या ताकदीवरून ठरायचं.

यंत्र आलं आणि प्रश्न उलटा झाला. जमीन एवढी आहे, मग यंत्र केवढं घेऊ? अमेरिकेत पाच-दहा एकरांचं कुरण बाळगणारा प्रत्येक माणूस आजही हाच प्रश्न विचारतो. कुरण कापायचं म्हणजे वैरण साठवायचीच असं नाही. जनावरं कोवळं गवत खातात आणि तण, काटे, जून झालेले तुरे तसेच सोडतात. ते बी धरायच्या आत छाटले नाहीत तर दोन-तीन वर्षांत कुरणाचं रान होतं. एवढ्या साध्या कामाला ट्रॅक्टर केवढा लागावा? याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदललं, आणि मला वाटतं ते गवतामुळे एकदाही बदललं नाही.

सुरुवातीचे ट्रॅक्टर म्हणजे धूडच. आयोवातल्या हार्ट-पार कंपनीचा १९०७ चा '३०-६०' सुमारे दहा टनांचा होता. नावातला पहिला आकडा ओढण्याची अश्वशक्ती, दुसरा पट्ट्यावर मिळणारी. मोठाली माळरानं फोडायला आणि मळणीयंत्र फिरवायला तो ठीक, पण गवत कापायला कोण नेणार? ते काम घोड्यांकडेच राहिलं. दोन घोडे, मागे पाच फुटी पट्टा, आणि त्यावर कात्रीसारखी सरकणारी पाती. पात्यांना गती मिळायची यंत्राच्याच चाकांकडून. गवत ओलं असलं की चाक घसरायचं, दाट असलं की पातं अडकायचं. मग घोडे मागे घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात.

१९१७ साली हेन्री फोर्डचा फोर्डसन आला. जेमतेम सव्वा टनाचा, वीसेक अश्वशक्तीचा. १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली आणि लहान शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदाच ट्रॅक्टर उभा राहिला. पण हलकेपणाची किंमत होती. मागचं अवजार दगडाला किंवा मुळीला अडकलं की इंजिन थांबत नसे. पुढची चाकं उचलली जात आणि अख्खा ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटे. अशी कित्येक माणसं मेली.

त्याच सुमारास दुसरा घोळ चालू होता. ट्रॅक्टरवर लिहिलेली अश्वशक्ती खरी की खोटी, हे कळायला मार्गच नव्हता. नेब्रास्कातल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने नावाचा फायदा घेण्यासाठी फोर्ड आडनावाचा माणूस जोडीला घेतला होता! ट्रॅक्टर काही चालेना. नंतर घेतलेला रमेली मात्र लिहिलेल्यापेक्षा जास्तच काम करायचा. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये कायदा झाला की नेब्रास्कात विकायचा ट्रॅक्टर आधी विद्यापीठात तपासून घ्यायचा. १९२० मध्ये लिंकन इथे चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांचे आकडे पुढे जगभर प्रमाण मानले गेले. 'केवढा' या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर आधी आकडा खरा हवा, हे एका फसलेल्या गिऱ्हाइकाने सगळ्यांना शिकवलं.

कुरणाच्या दृष्टीने मोठा बदल मात्र एका फिरत्या दांड्याने केला. १९१० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल हार्वेस्टरने इंजिनाची ताकद शाफ्टने थेट मागच्या अवजाराला द्यायला सुरुवात केली. हाच आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असलेला पीटीओ. मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाणही विसाच्या दशकातच ठरलं. आता पातं चाकांवर अवलंबून राहिलं नाही. ट्रॅक्टर सावकाश चालला तरी पातं त्याच वेगाने चालणार. सरकत्या पात्याच्या पट्ट्याला फुटामागे एक-दीड अश्वशक्ती पुरते, म्हणजे सात फुटी पट्टासुद्धा छोट्या ट्रॅक्टरला सहज झेपतो.

उरला प्रश्न हलकेपणाचा. तो आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने सोडवला. आयर्लंडमध्ये पहिलं विमान उडवणारा (१९०९) हाच तो. अवजार साखळीने मागे ओढत न्यायच्या ऐवजी त्याने ते तीन बिंदूंवर ट्रॅक्टरलाच जोडलं आणि उचलायला हायड्रॉलिक दिलं. नांगराचं ओझं आणि मातीचा ओढा आता मागच्या चाकांना खाली दाबू लागला, आणि ट्रॅक्टर उलटायचं ते भयही बरंच कमी झालं. वजन विकत घ्यायची गरज संपली, कारण काम स्वतःच वजन देऊ लागलं. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला, एक टनाच्या आसपास, ५८५ डॉलरला. पुढे तो करार मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. दरम्यान १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला त्याचे करड्या रंगाचे टीई-२० पाच लाखांहून जास्त बनले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच छोट्या ट्रॅक्टरवरून!

म्हणजे 'केवढा' याचं उत्तर मिळालं म्हणायचं? छे. १९५१ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावी 'बुश हॉग' आलं. हेलिकॉप्टरच्या पंख्यासारखं आडवं फिरणारं जड पातं, गवताबरोबर झुडपंही तोडणारं. त्याने वैरण नीट होत नाही, चुरा होतो, पण कुरण छाटायला त्याच्यासारखं दुसरं नाही. फक्त त्याला फुटामागे चार-पाच अश्वशक्ती हवी. गवत तेच, कुरण तेच, पण मागचं अवजार बदललं आणि ट्रॅक्टरचं माप तिप्पट झालं.

आणि एक नवा धोका आला. एन मालिकेतल्या त्या जुन्या फोर्डमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधूनच चाले. क्लच दाबला तरी ते जड पातं स्वतःच्या वेगाने फिरत राही आणि उलट दिशेने चाकांना ढकलत राही. पाय क्लचवर, आणि ट्रॅक्टर सरळ कुंपणाकडे किंवा ओढ्याकडे! उपाय अगदी साधा, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एक जोड, एकाच बाजूने ताकद नेणारा. तो बसवायला हवा, हे मात्र अनेकांना अपघातानंतरच कळलं. उतारावर आडवं चालवताना बाजूला उलटणं हा दुसरा धोका. त्यावर स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची केली, पुढे जुन्यांनाही. काही दशकांत तिथले उलटून होणारे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. उतारावर चाकांमधलं अंतर आणि ही चौकट अश्वशक्तीपेक्षा जास्त मोलाची.

यात आपलाही एक धागा आहे. ब्रिटनमध्ये बनणारा इंटरनॅशनलचा छोटा बी-२७५ साठच्या दशकात मुंबईत कांदिवलीला महिंद्रांच्या भागीदारीत बनू लागला. आपल्याकडे ट्रॅक्टरचं माप कुरणाने ठरलं नाही. ते नांगराने, ट्रॉलीने आणि उसाच्या ओझ्याने ठरलं. पण १९९४ मध्ये महिंद्रांनी टेक्सासमध्ये दुकान थाटलं, आणि आपल्या मातीत रुळलेले ते साधे, दणकट ट्रॅक्टर तिकडच्या कुरणांवर गवत छाटू लागले.

आता थोडं गणित करू. रुंदी फुटांत, वेग ताशी मैलांत, गुणाकाराला दहाने भागा. वळणं धरून तासाला किती एकर होतील ते येतं. पाच फुटी कापणीयंत्र, ताशी चार मैल, म्हणजे तासाला दोन एकर. दहा एकरांना पाच तास, आणि पीटीओवर पंचवीस अश्वशक्ती पुरे (इंजिनवर लिहिलेली याहून थोडी जास्त असते, क्रोझियरची आठवण ठेवा). दुप्पट रुंद यंत्र आणि दुप्पट ट्रॅक्टर घेतला तर अडीच तास. वर्षातून तीनदा कापलं तर वाचले साडेसात तास. अख्ख्या वर्षात! त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि ओल्या जमिनीवर जास्तीचं वजन नाचवून माती घट्ट करायची.

शंभर एकर असतील तर हिशोब वेगळा, तिथे मोठा ट्रॅक्टर गरजेचाच. पण दहा एकरवाला जेव्हा पन्नास अश्वशक्तीकडे डोळे लावून बसतो तेव्हा तो गवताचा विचार करत नसतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा करत असतो. फर्ग्युसनने तीसच्या दशकातच ताकद आणि धूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोखंडात घडवून दाखवलं. तरी आपण अजून यंत्राच्या आकारावरून माणसाचा आकार ठरवतो.

जुन्या मापांत एक शहाणपण होतं. आधी दिवस मोजला जायचा, मग जमीन. ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर त्याच क्रमाने जावं. आपल्याला किती तास द्यायचेत ते ठरवावं, मग पातं केवढं ते, आणि मग ते पातं उतारावर सांभाळून नेईल असा ट्रॅक्टर. रंग शेवटी बघावा.