दंगलविरोधी काडतुसे : निर्माता व उगम यांची ओळख

जमाव पांगवण्यासाठी भारतीय पोलिसांनी वापरलेली काडतुसे मुख्यतः तीन जातींची आहेत : मस्केटची, बारा बोरची आणि गॅस गनमधून सुटणारी अश्रुधुराची नळकांडी. संग्राहकाच्या हाती बहुधा रिकामी पुंगळी येते. ती कोणी बनवली, केव्हा बनवली आणि कोणासाठी बनवली हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बुडावरचा ठसा पहिल्याचे उत्तर देतो, पुष्कळदा दुसऱ्याचेही. तिसऱ्याचे मात्र फार क्वचित.

भारतीय पुंगळ्यांवर सर्वाधिक आढळणारा ठसा ‘केएफ’ या रोमन अक्षरांचा. तो पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याचा. 1869 मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याचे नाव इंग्रजी कागदपत्रांत ‘किर्की’ असे लिहिले जाई, त्यामुळे पहिले अक्षर के. ब्रिटिश काळातल्या पुंगळ्यांवर या अक्षरांच्या जोडीला रुंद टोकाचा बाणही दिसतो. हा बाण सरकारी मालकीची खूण आहे, कारखान्याची नव्हे; केवळ बाण पाहून पुंगळी इंग्लंडची ठरवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. सालाचे सहसा शेवटचे दोनच अंक ठोकलेले असतात. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव कारखान्याचा ठसा ‘ओएफव्ही’, तर फाळणीनंतर पाकिस्तानात उभ्या राहिलेल्या वाह येथील कारखान्याचा ‘पीओएफ’. ऑक्टोबर 2021 पासून खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. जुन्या नमुन्याच्या नोंदीत मात्र कारखान्याचे तत्कालीन नावच द्यावे.

या क्षेत्रातला सर्वांत बोलका भारतीय नमुना .410 मस्केटचे काडतूस. इशापूरच्या कारखान्यात .303 रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून एकबारी मस्केटी तयार केल्या गेल्या आणि त्या पोलीस, तुरुंगरक्षक यांना दिल्या. अशी बंदूक कोणी हिसकावून नेली तरी तिच्यात लष्करी गोळी चालत नसे आणि तिचा पल्लाही मर्यादित राही. काडतुसासाठी .303 चीच पितळी पुंगळी घेतली, पण तिची मान आवळली नाही. त्यामुळे ती बुडापासून तोंडाकडे सरळ निमुळती होत जाते आणि खांद्याचा उतार कुठेच लागत नाही. ही घडण एकदा पाहिली की शिकारीच्या .410 काडतुसाशी तिची गल्लत होत नाही.

बारा बोरच्या काडतुसांत ओळख अवघड होते. खडकीच्या कारखान्याने ‘शक्तिमान’, ‘केएफ स्पेशल’ अशा नावांनी परवानाधारकांसाठीही काडतुसे विकली. त्यामुळे केएफ ठशाची बारा बोरची पुंगळी पोलिसांचीच असेल असे नाही. छर्‍यांचा आकार (एलजी, एसजी, बीबी) नळीवर किंवा तोंडावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर छापलेला असतो. काडतूस उडाले की चकती जाते आणि पुरावाही जातो. मूळ खोका हाती असेल तर त्यावरचा लॉट क्रमांक ठशापेक्षा अधिक सांगतो.

अश्रुधुराच्या 38 मिलिमीटर नळकांड्यांची ओळख मुख्यतः अंगावरच्या छपाईवरून होते : रसायनाचे नाव, उत्पादनाचा महिना व वर्ष, लॉट क्रमांक. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे अश्रुधूर युनिट 1976 मध्ये सुरू झाले आणि देशी उत्पादनाने परदेशी मालाची जागा घेतली. त्याआधीच्या नमुन्यांत परदेशी कंपन्यांची नावे शोधावी लागतात. अमेरिकी मालात रंगांचा संकेत उपयोगी पडतो : सीएन रसायनाला लाल, सीएसला निळा, नुसत्या धुराला पिवळा. ब्रिटिश मालावर एल अक्षराने सुरू होणारा नमुना-क्रमांक असतो. उत्तर आयर्लंडमध्ये 1970 पासून वापरलेल्या रबरी गोळ्या व नंतरच्या प्लास्टिकच्या गोळ्या त्यावरूनच वेगळ्या करता येतात. छपाई उन्हाने व घासण्याने लवकर पुसट होते. म्हणून नमुना हाती येताच, पुसण्याआधी, तिरप्या प्रकाशात त्याचे छायाचित्र घ्यावे. ब्रासो किंवा सॅन्डपेपर कधीही लावू नये.

जिवंत काडतूस जवळ बाळगण्यास 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. न उडालेले अश्रुधुराचे नळकांडे सापडल्यास ते न हलवता पोलिसांना कळवावे. आतले मिश्रण जुने झाले तरी निर्धोक होत नाही.