साचा कुणाचा, माती कुणाची?

'कौल' हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. राजा रयतेला द्यायचा तो कौल अरबीतला, म्हणजे दिलेला शब्द. छपरावरचे कौल संस्कृत 'कपाल'वरून आले. साच्याला उर्दूत 'कालिब' म्हणतात, तो शब्दही अरबी. रंगीत चकचकीत फरशीला फारसीत 'काशी' म्हणतात, ते इराणातल्या काशान शहरावरून. वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, "सर, मग यात आपले काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला साच्यात सापडते.

काशानच्या अबुल कासिम यांनी 1301 साली या कामाची कृती लिहून ठेवली. दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग माती, एक भाग काचेची पूड. माती थोडी, म्हणून चिकटपणा कमी. असे मिश्रण चाकावर नीट उठत नाही, ते साच्यात दाबून बसवणे सोयीचे. अक्षरे उठावाची हवी असतील तर कोरीव साचा लागतो. सपाट फरशी भाजून, मग तिचे तुकडे कापून नक्षी जुळवायची असेल तर साधी चौकट पुरते. बीदरच्या रंगीन महालातली नक्षी अशा कापलेल्या तुकड्यांची आहे.

सोलापूर ज्या बहमनी राज्यात होते, त्याची ही राजधानी. इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावान यांनी 1472 मध्ये येथे मदरसा उभारला व तो काशीच्या फरश्यांनी मढवला. दरबारात तेव्हा आफाकी आणि दख्खनी, म्हणजे बाहेरचे आणि इथले, असा वाद पेटला होता. त्या वादातच 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आधारे गावान यांचा शिरच्छेद झाला.

आता छपराकडे पाहू. आमचा कुंभार नळीची कौले चाकावरच घडवी. चाकावर नळी ओढायची, अर्धवट सुकली की उभी चिरायची, मग भट्टीत भाजायची. साच्याची गरजच नव्हती. 1865 मध्ये जर्मन मिशनरी प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे कौल 1841 मध्ये फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी काढले होते. खाच खाचेत बसायची तर प्रत्येक कौल सारखेच हवे. प्लास्टरचा साचा पाणी शोषून माती लवकर सोडतो, पण झिजतो. म्हणून यंत्राखाली दाबून हजारो कौले काढायची तर लोखंडी साचा बरा.

मात्र माती सुकताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते. म्हणून साचा कौलापेक्षा मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, हे नदीकाठची ती माती ठरवते, कारण प्रत्येक माती सारखी आक्रसत नाही. दूरदेशीचा साचा जसाच्या तसा वापरला तर कौल मापात उतरेलच असे नाही.

मुलांना आम्ही एवढेच सांगतो. फ्रान्सचा आकार आणि जर्मन मिशनऱ्याचा कारखाना असूनही त्या कौलाला सारे मंगळुरीच म्हणतात, कुणी त्याला परके म्हणत नाही. मग साडेपाचशे वर्षे दख्खनचे ऊन-पाऊस सोसणाऱ्या बीदरच्या निळ्या फरशीला आफाकी का म्हणावे?