मिशिगन सरोवरातले परदेशस्थ

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, कोकिळा आणि गुढीपाडवा आठवतो. मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर राहणाऱ्यांना मात्र एप्रिलमध्ये आठवतो तो कोहो सॅमन! शिकागोच्या परिसरात आल्यापासून दर वसंतात मी हा उत्सव पाहत आलो आहे. इंडियाना राज्यातल्या मिशिगन सिटीच्या धक्क्यावरून (नावावर जाऊ नका, हे गाव मिशिगनमध्ये नाही) पहाटे होड्या निघतात आणि काठाला समांतर, अगदी बैलगाडीच्या चालीने, मागे गळ ओढत फिरत राहतात. यालाच इथे ‘ट्रोलिंग’ म्हणतात. मूळचा कोकणातला असल्यामुळे मासा दिसला की त्याची कुळकथा विचारायची मला खोडच आहे. ती विचारत गेलो आणि एक नवलाचा इतिहास हाती लागला.

पहिली गोष्ट म्हणजे हा मासा इथला नाहीच. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचे नातेगोते काही नाही. कोहो हा पॅसिफिक महासागराचा रहिवासी. या सरोवराचा मूळ राजा होता लेक ट्राउट. त्याच्या राज्याला सुरुंग लागला तो नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यामुळे. १८२९ साली हा कालवा जहाजांसाठी खुला झाला. पुढे त्याच वाटेने अटलांटिकचा सी लॅम्प्री आत शिरला. दिसायला वामेसारखा, पण तोंड चोषकासारखे. माशाला चिकटून रक्त पिणारा हा प्राणी १९२१ मध्ये ईरी सरोवरात आणि १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात आढळला. एकेक लॅम्प्री आयुष्यात चाळीस पौंडांपर्यंत मासे मारू शकतो. त्यात मासेमारीही बेसुमार झालेली. १९५० च्या दशकात मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या होड्या काठाला लागल्या.

१९५५ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन उभे केले. ह्युरन सरोवराकाठच्या हॅमंड बे येथील प्रयोगशाळेत हजारो रसायने तपासल्यावर लॅम्प्रीच्या पिल्लांना नेमके मारणारे एक औषध सापडले आणि १९५८ पासून ते नद्यांत वापरात आले.

पण राजाविना राज्य मोकळे पडले होते. त्यात अटलांटिकचाच दुसरा पाहुणा माजला. हा एलवाइफ, आपल्या तारलीच्या गोतातला रुपेरी छोटा मासा. खाणारा कोणी नाही म्हटल्यावर त्याची संख्या अफाट वाढली. १९६७ च्या उन्हाळ्यात तो एवढ्या प्रमाणात मेला की शिकागोच्या किनाऱ्यांवरून कुजलेल्या माशांचे ढीग बुलडोझरने उचलावे लागले.

मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रे १९६४ मध्ये हॉवर्ड टॅनर यांच्याकडे आली होती. त्यांनी विचार केला, एवढे खाद्य आहे तर खाणाराच आणावा! ओरेगनहून कोहोची अंडी मागवली आणि १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीसह तीन प्रवाहांत मिळून सुमारे साडेआठ लाख पिल्ले सोडली. पुढच्या वर्षी चिनूक सॅमनही सोडला. कोहो एलवाइफवर असा पोसला की १९६७ च्या शरदात भलेमोठे मासे गळाला लागू लागले आणि लोकांना अक्षरशः वेड लागले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी प्लॅट बेच्या परिसरात शेकडो छोट्या होड्या पाण्यात होत्या. वादळाचा इशारा होता, पण मासा सोडून परत कोण फिरणार? त्या दिवशी सात जण बुडाले. समुद्रासारख्या या तळ्याला तळे समजू नये, हा धडा इथल्या लोकांनी असा महागात घेतला.

ट्रोलिंगची कला त्यानंतर बहरली. तिच्या मुळाशी आहे पाण्याचा एक गुणधर्म. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. वसंतात काठचे उथळ पाणी आधी तापते, मधले त्याहून थंडच राहते. दोन्ही जिथे मिसळतात तिथे ४ अंशांचे जड पाणी खाली बसते आणि काठ व खोल पाणी यांच्यात जणू एक उभा पडदा तयार होतो. पडद्याच्या आतल्या बाजूला ऊब, खाद्य आणि म्हणून मासा! त्यामुळे एप्रिलमध्ये आमिष वरच्या काही फुटांतच आणि सावकाश, ताशी दीड-दोन मैलांनी ओढतात. उथळ पाण्यात होडीला मासा बुजतो, म्हणून फळ्यांच्या आधाराने दोऱ्या बाजूला लांब पसरतात. वाऱ्यावरही लक्ष हवे. काठाकडे येणारा वारा कोमट पाणी काठाशी साठवतो. काठाकडून सरोवरात जाणारा वारा तेच पाणी दूर नेतो आणि खालचे थंड पाणी वर येते. कालची जागा आज रिकामी! जूननंतर पाण्याचे थर पडले की मासा खोल जातो. मग शिशाचा जड गोळा लावून दोरी खाली नेतात.

पुढची कथा मात्र काळजीची आहे. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आलेल्या परदेशी शिंपल्यांनी सरोवरातले सूक्ष्म खाद्य गाळून घेतले. ह्युरन सरोवरातला एलवाइफ २००४ च्या सुमारास कोसळला, पाठोपाठ तिथला चिनूकही. तीच पाळी इथे येऊ नये म्हणून २०१३ मध्ये मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिल्लांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. लॅम्प्रीही संपलेला नाही. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये औषधाचे काम मागे पडले, तर त्याने लगेच डोके वर काढले.

आणि तरीही एक गोष्ट मला फार आवडते. हॅचरीतून सोडलेल्या माशांवर खूण करून मोजणी केली, तेव्हा दिसले की मिशिगन सरोवरातले निम्म्याहून अधिक चिनूक आता इथल्याच नद्यांत जन्मलेले आहेत. कोणी न बोलावता, न सोडता. आईबापांचा महासागर त्यांनी कधी पाहिला नाही; अंडी घालायला ती परततात ती मिशिगनच्याच ओढ्यांत. आपल्या घरातल्या दुसऱ्या पिढीकडे पाहताना मला त्यांची हटकून आठवण होते. फरक एवढाच, की चिनूकला कोणी ‘तू मूळचा कुठला?’ असे विचारत नाही.