दर्या आणि दऱ्या : एका तपासणीचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्याला दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटला, आणि कासवांमुळे सर्वांना ठाऊक झालेल्या वेळासला दर्या. मंडणगडाच्या किल्ल्यावरून खाली पाहिले की दिसतात त्या दऱ्या. दोन शब्दांत फरक आहे तो एका खुणेचा. पहिल्या शब्दात 'र' रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन 'य'ला बिलगतो. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना मजुरी, हेही याच खुणेवर ठरते.

बऱ्याच वर्षांपूर्वी या भागातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावावर लिहिलेला निबंध संगणकावर टंकून, छापून आमच्या हाती दिला. त्यात 'पावसाळ्यात सगळ्या दर्या धुक्याने भरून जातात' असे वाक्य होते. आम्ही तांबड्या शाईने खूण केली आणि समासात 'शुद्धलेखन!' असा शेराही मारला. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "सर, मी बरोबरच लिहिलं होतं." तिने टंकले त्या संगणकाच्या पडद्यावर खरोखरच 'दऱ्या' होत्या. छपाईच्या संगणकावर पोचेपर्यंत त्यांचा दर्या झाला होता. चूक तिची नव्हती. मग कोणाची? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि आम्हां मराठीच्या अध्यापकांना एरवी कधीही न दिसलेला एक इतिहास दिसू लागला.

युनिकोडमध्ये हा आडवा 'र' दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्तचिन्ह लावून. दुसरी, साध्या 'र्'नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरातील ते चिन्ह वाटेत एखाद्या प्रणालीने निरुपयोगी समजून गाळले, की मागे साधा 'र्' उरतो आणि देवनागरीच्या सामान्य नियमाप्रमाणे तो मुकाट्याने रफार होतो. चिन्ह शाबूत राहिले तरीही त्याचा अर्थ लावून योग्य आकृती पडद्यावर आणणारा कोणी तरी लागतोच. हे काम केवळ फॉन्टचे नव्हे. वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या माथ्यावर चढवणे, जोडाक्षरे बांधणे ही कामे एक वेगळी संगणकीय संहिता करते. अशा संहितेला 'लायब्ररी' म्हणतात. नावाने फसू नये. हे वाचनालय नव्हे. अनेक प्रणालींना लागणारे एकच काम प्रत्येकीने नव्याने करू नये म्हणून ते एकदाच लिहून सामायिक ठेवलेले असते, गावातल्या सामायिक विहिरीसारखे. आणि विहीर सामायिक असली की तिच्या पाण्याची तपासणी कोणी करायची, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

लिनक्सच्या जगात या प्रश्नाचे उत्तर 'वितरण' नावाच्या व्यवस्थेने दिले. हजारो ठिकाणी हजारो हातांनी लिहिलेली सॉफ्टवेअरे गोळा करायची, एकमेकांशी जुळवून घ्यायची, आणि वापरणाऱ्याला एकत्र द्यायची, हे वितरणाचे काम. इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार स्वीकारला आणि कोणते सॉफ्टवेअर 'मुक्त' म्हणायचे याचे निकष लिहून काढले. त्या निकषांत न बसणाऱ्या वस्तूला मुख्य संग्रहात जागा नाही, हा दंडक तेव्हापासूनचा.

ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटूचे पहिले वितरण आले. त्याने संग्रहाचे विभाग पाडले. 'मेन' म्हणजे मुख्य विभागाची हमी कॅनॉनिकल ही कंपनी घेणार. 'युनिव्हर्स'मधील पॅकेजांचा सांभाळ प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या समुदायाकडे. एखादी लायब्ररी युनिव्हर्समधून मेनमध्ये न्यायची तर लेखी अर्ज करावा लागतो आणि तिची रीतसर तपासणी होते. फेडोरा या दुसऱ्या वितरणातही नवे पॅकेज दुसऱ्या जाणकाराने तपासल्यावाचून आत घेतले जात नाही.

या तपासणीतले प्रश्न वाचताना आम्हांला आमच्याच विषयातील पाठचिकित्सेची आठवण झाली. परवाना काय आहे? हिची गरज काय. हेच काम करणारी दुसरी लायब्ररी आत आधीपासून नाही ना? ही ज्या इतर लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे, त्या सगळ्या मुख्य विभागात आहेत का? दुसऱ्या कोणाच्या संहितेची जुनी प्रत हिने पोटात दडवून ठेवलेली नाही ना? पूर्वी सुरक्षेचे कोणते दोष सापडले, आणि ते किती तत्परतेने दुरुस्त झाले? बांधणीच्या वेळी आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढील काही वर्षे हिच्याकडे लक्ष कोण देणार? ज्या पॅकेजाची जबाबदारी घ्यायला कोणताही गट पुढे येत नाही, ते कितीही सुबक असले तरी उंबऱ्याबाहेर राहते.

अक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीला हे प्रश्न लावून पाहावेत, म्हणजे त्यांचे मर्म कळते. परवान्याचा प्रश्न घ्या. रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिप्यांचे 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यांच्या पुढील घडणीत पुण्यातील चमूचा मोठा वाटा होता. परवाना खुला होता म्हणूनच हे फॉन्ट वितरणांच्या मुख्य संग्रहांत जाऊ शकले. फुकट वाटले जाणारे पण बदलण्यास मनाई असलेले कित्येक मराठी फॉन्ट कधीच जाऊ शकले नाहीत. सुरक्षेचा प्रश्नही पुस्तकी नाही. ही लायब्ररी कुठूनही आलेला फॉन्ट उघडते, म्हणजे अनोळखी माणसाने दिलेली पुडी सोडते. आणि पुनरुक्तीचा प्रश्न तर आमच्या दऱ्यांशी थेट भिडलेला. २००० नंतरच्या दशकात एकाच लिनक्स संगणकावर पँगो, क्यूटी आणि आयसीयू यांची अक्षरजुळणी निरनिराळी चालत असे. एका खिडकीत शब्द बरोबर, शेजारच्या खिडकीत मोडका, असा अनुभव त्या काळी मराठी टंकणाऱ्यांना नवा नव्हता. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी पोचत नसे.

यातून वाट निघाली ती हार्फबझमुळे. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने ती नव्याने लिहून काढली. नावातील पहिला शब्द फारसी 'हर्फ', म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला 'हरफ', अक्षर. दुसरा 'बाझ', म्हणजे खुले. २०१२च्या सुमारास तिचा भारतीय लिप्यांचा भाग सिद्ध होत असताना भारतीय भाषांतील लाखो शब्द तिच्याकडून जुळवून घेण्यात आले, आणि विंडोजमधील युनिस्क्राइबच्या निकालाशी ते एकेक करून ताडून पाहिले गेले. पँगो तिच्यावर आला, फायरफॉक्स आला, पुढे लिब्रेऑफिसही आले. आयसीयूने २०१४ मध्ये आपले मांडणीयंत्र वापरू नये असे सांगितले. अनेक विहिरींऐवजी एक विहीर झाली. पाणी सुधारले, पण त्या एकीवर भारही मोठा पडला.

इथे आम्हांला पैठणच्या एकनाथांचे काम आठवते. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. तिच्या प्रतींमध्ये अपपाठ शिरले होते. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून ती शुद्ध केली, आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी तिच्यात घालू नये असे बजावून ठेवले. प्रत बिघडते ती दोन मार्गांनी, हे पोथ्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. एक शहाणा लेखनिक. त्याला न समजलेला शब्द तो चुकीचा समजून सुधारतो. दुसरा प्रक्षेपकार, तो जाणूनबुजून आपली भर घालतो आणि ती मूळचीच वाटावी अशी काळजी घेतो.

लिनक्सच्या इतिहासात दोन्ही भेटतात. २००६ मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील काही ओळी काढल्या, कारण दोष शोधणारे एक साधन त्यांविषयी तक्रार करीत होते. त्याने मूळ कर्त्यांकडे विचारणाही केली होती. पण त्या ओळींबरोबर किल्ल्यांमधली अनिश्चितताच निघून गेली. प्रत्येक प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६७ शक्यता उरल्या, आणि हे १३ मे २००८ रोजी जाहीर होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ डेबियन आणि उबुंटू अशाच किल्ल्या बनवीत राहिले. हा शहाणा लेखनिक.

प्रक्षेपकार भेटला २०२४ मध्ये. माहिती दाबून लहान करणारी एक्सझेड ही लायब्ररी एकटा थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. 'जिया तान' या नावाने वावरणारी व्यक्ती मदतीला आली, सुमारे अडीच वर्षे नेटके काम करून विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती उघड्या संहितेत पूर्णपणे दिसत नव्हती. वितरणांना दिल्या जाणाऱ्या गठ्ठ्यातील बांधणीच्या सूचनांत तिचा दुवा होता. ओपनएसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही. काही वितरणांनी स्वतः घातलेल्या जोडणीमुळे ती तिथवर पोचली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या कुतूहलाने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते उघड केले. तोवर चोरवाट डेबियनच्या आणि फेडोराच्या चाचणी-आवृत्त्यांत पोचली होती, स्थिर आवृत्त्यांत नव्हे. 'कोण सांभाळणार' हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी एकदाच विचारून भागत नाही, हा त्याचा धडा.

पुन्हा मंडणगडच्या दऱ्यांकडे येऊ. तपासणी कितीही काटेकोर असो, तपासणाऱ्याला परवाना कळेल, अवलंबित्व कळेल, सुरक्षा कळेल. 'सगळ्या दर्या' या दोन शब्दांत काही तरी बिघडले आहे हे कळणार नाही. यंत्राच्या चाचणीत आधीच कोणी तरी 'दऱ्या' हा शब्द घालून ठेवलेला असेल तरच ती चाचणी नापास होईल. तो शब्द घालायला संहिता लिहिता यावी लागत नाही, मराठी यावी लागते. आचारी, वारी, पायरी, नवरी, या शब्दांची अनेकवचने आणि सामान्यरूपे कशी होतात हे आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. तीच यादी अपेक्षित आकृतीसह एखाद्या लायब्ररीच्या दोषनोंदीत गेली, की पुढची प्रत्येक आवृत्ती त्या यादीच्या हाताखालून जाते.

अमुक प्रणालीत मराठी नीट उमटत नाही, ही तक्रार आपण चहाच्या टेबलावर पुष्कळ केली आहे. तपासणीच्या जागी मात्र आपली खुर्ची बहुधा रिकामी राहिली. त्या विद्यार्थिनीच्या वहीतील तांबडी खूण आम्ही त्याच दिवशी खोडली. पण ती खूण जिथे करायला हवी होती, ती जागा आम्हांला फार उशिरा सापडली.